ऐकण्याचं अंतर: हंगोर, खुकरी आणि ९ डिसेंबर १९७१ ची रात्र

दीवला जाऊन आलेल्या बहुतेक बडोदेकरांनी ते काचेचं घर पाहिलेलं असतं. समुद्राकडे तोंड करून टेकाडावर उभं, आत आयएनएस खुकरी या युद्धनौकेची प्रतिकृती; १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या हंगोर या पाणबुडीने ती बुडवली. लोक फोटो काढतात, कोणी हात जोडतं, आणि गाडी नागव्याच्या किनाऱ्याकडे निघते. मीही दोनदा असाच जाऊन आलो. तिसऱ्या खेपेला बरोबर शेजारची मुलगी होती, म. स. विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारी. ती काचेपाशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "काका, ही बोट पाणबुडी शोधायलाच बांधली होती ना? मग पाणबुडीनेच हिला आधी कसं शोधलं?"

मला धड उत्तर देता आलं नाही. ते शोधत बसलो आणि त्यातून हे प्रकरण तयार झालं. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी जमतो. दर वेळी एकच घटना घ्यायची आणि ती धाग्याधाग्याने उलगडायची, एवढाच शिरस्ता. मी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात ३१ वर्षं मेंटेनन्सला होतो. यंत्र माणसाला कुठे साथ देतं आणि कुठे दगा देतं, तिकडे माझी नजर आधी जाते. तशीच ती इथेही गेली आहे.

दोन्ही बाजूंकडे काय होतं

आयएनएस खुकरी ही ब्रिटिश बनावटीची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, १९५८ साली आपल्या नौदलात आली. लांबी ९४ मीटर, वजन सुमारे १,२०० टन, पाणी मागे लोटणारा पंखा एकच. ब्रिटनने हा वर्ग दुसऱ्या महायुद्धानंतर काढला तो मुद्दाम पाणबुड्या मारण्यासाठी, आणि खर्च वाचवून. त्यामुळे मोठ्या तोफा नाहीत; पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा सोनार, आणि लिंबो नावाच्या तीन नळ्यांच्या उखळी तोफा. लिंबोचा पल्ला जेमतेम ९०० मीटर. म्हणजे पाणबुडी सापडली, तरी तिच्या जवळजवळ अंगावर गेल्याशिवाय मारा करता येत नसे.

हंगोर ही फ्रान्सची दाफ्ने वर्गाची पाणबुडी. लांबी सुमारे ५८ मीटर, खुकरीच्या दोन तृतीयांशही नाही. पाण्याखाली वजन हजार टनांच्या आसपास. टॉर्पेडोच्या, म्हणजे पाण्याखालून लक्ष्याकडे धावणाऱ्या स्फोटक अस्त्राच्या, नळ्या मात्र १२. पाकिस्तानने अशा तीन घेतल्या होत्या: हंगोर, शुशुक आणि मांग्रो. हंगोर म्हणजे बंगालीत शार्क मासा आणि शुशुक म्हणजे डॉल्फिन. ज्या वर्षी पूर्व पाकिस्तानात बंगाली माणसांवर लष्कराचा कहर चालला होता, त्याच वर्षी ही बंगाली नावं घेऊन त्या पाणबुड्या समुद्रात फिरत होत्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ बसलो होतो.

दाफ्ने पाणबुडी पाण्याखाली ताशी १६ सागरी मैल जाऊ शकते, पण फार थोडा वेळ. ती बॅटरीवर चालते. वेग वाढवला की बॅटरी भराभर उतरते, आणि ती भरायची तर डिझेल इंजिन चालवायला हवा लागते, म्हणजे निदान श्वासनळी तरी पाण्याबाहेर काढावी लागते. खुकरीचा कमाल वेग २७ च्या पुढे. शर्यत लावली तर पाणबुडी हरणार हे उघड होतं.

बिघाडाची गोष्ट

हंगोर नोव्हेंबरच्या अखेरीस कराचीहून निघाली. कप्तान कमांडर अहमद तस्नीम. त्यांनी पुढे जे सांगितलं, त्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती वातानुकूलन यंत्रणेच्या बिघाडाची हकिगत. युद्धाच्या तोंडावर पाणबुडीतली ही यंत्रणा बंद पडली. दुरुस्ती पाण्याखाली होण्यासारखी नव्हती. परत जावं तर मोहीम संपली. त्यांनी पाणबुडी सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे नेली, मासेमारी करणाऱ्या होड्यांच्या पट्ट्यात पाण्यावर आणली, आणि मच्छीमार बोट असल्याची बतावणी करत साधारण ३६ तास उघड्यावर राहून काम उरकलं.

वातानुकूलन म्हटलं की आपल्याला ऑफिसातला गारवा आठवतो. पाणबुडीत त्याचा अर्थ वेगळा. अरबी समुद्राचं कोमट पाणी बाहेरून पोलादाला लागलेलं, आत बॅटऱ्या, मोटारी, स्वयंपाक आणि पन्नासेक माणसांचे श्वास. गारवा गेला की आधी दमटपणा वाढतो. पोलादावर पाण्याचे थेंब धरतात, ते पॅनेलमध्ये उतरतात, इन्सुलेशन ढिलं पडतं. सोनारसारखी नाजूक यंत्रणा आधी खोटं बोलायला लागते आणि मग बंद पडते. आमच्या कारखान्यात एकदा कंट्रोल रूमचा चिलर जूनमध्ये बसला होता. चौथ्या तासाला मीटर असे आकडे दाखवायला लागले की आम्ही ते वाचायचंच सोडून दिलं. शत्रूच्या दारात, आंधळेपणाच्या काठावर, ३६ तास. शत्रूचा असला तरी तो निर्णय मी मनापासून मानतो. कान शाबूत राहिले म्हणून हंगोर पुढचं सगळं करू शकली.

२ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री मुंबईबाहेर पडलेलं आपलं आरमार हंगोरच्या जवळून गेलं, असंही तस्नीम सांगतात. युद्ध अजून सुरू झालेलं नव्हतं, मारा करण्याची परवानगी नव्हती. त्यांनी आरमार जाऊ दिलं आणि कराचीला बिनतारी संदेश पाठवून कळवलं. ३ तारखेच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला तोंड फुटलं. ४ तारखेच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीसमोर खैबर ही विनाशिका बुडवली. ८ तारखेच्या रात्री आयएनएस विनाशने कराचीवर दुसरा घाव घातला. मुंबईत नौदलाची छाती फुगलेली असणार, आणि ती फुगायलाच हवी होती.

पण पाणबुडी संदेश पाठवते, तेव्हा ती आपला ठावठिकाणाही थोडाफार उघड करते. आपल्या किनाऱ्यावरच्या दिशाशोधक यंत्रांनी ते संदेश पकडले आणि दीवच्या नैर्ऋत्येला सुमारे ३५ मैलांवर पाणबुडी असल्याचं ओळखलं. तिला मारण्याची कामगिरी चौदाव्या फ्रिगेट स्क्वाड्रनला, म्हणजे फ्रिगेटच्या ताफ्याला, मिळाली. निघाल्या त्या दोनच नौका: खुकरी आणि तिच्याच वर्गातली किरपाण. खुकरीवर स्क्वाड्रनचे प्रमुख कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, वय ४५.

टॉर्च कोणाच्या हातात

इथे त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर सुरू होतं, आणि मला माझ्या लहानपणाकडे जावं लागतं.

त्या डिसेंबरात मी दहा वर्षांचा होतो. बडोद्यात ब्लॅकआउट होता. वडिलांनी माडीच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला होता, मोटारींच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असे, आणि आजोबांना ओसरीवर विडी ओढायची बंदी झाली होती. रात्री वॉर्डन फेरी मारायचे. "लाइट बंध करो!" अशी हाक यायची आणि त्या मागून त्यांचा टॉर्च. मी आणि माझा चुलतभाऊ माडीच्या कठड्याला पोट टेकून वाकून बघत असू. वॉर्डनच्या टॉर्चने त्यांना त्यांच्या पायापुढची दहा-बारा पावलं दिसायची. आम्हाला मात्र ते गल्लीच्या तोंडाशी वळले की दिसायचे. आमच्या अगदी खालून गेले, तरी आम्ही त्यांना कधी दिसलो नाही.

खुकरीचा सोनार म्हणजे तो टॉर्च. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर जातो. नौका आवाज सोडते, तो दोन किलोमीटरवरच्या पाणबुडीवर आदळून परत येतो, जाऊन येऊन पावणेतीन सेकंद. प्रश्न वेळेचा नाही, क्षीणतेचा आहे. अंतर दुप्पट झालं की एकेरी जाणारा आवाज चौपट क्षीण होतो. जाऊन परत यायचं असेल तर सोळापट. नौकेला ऐकू यायचा असतो परतीचा आवाज, पाणबुडीला मात्र जाताजाताचा. त्यामुळे नौकेला पाणबुडीचा पत्ता लागण्याच्या कितीतरी आधी पाणबुडीला कळलेलं असतं की कोणीतरी शोधतंय, कुठल्या बाजूने, आणि जवळ येतंय की लांब जातंय. त्यात समुद्राच्या पाण्याचे तापमानाचे थर असतात. वरचं कोमट पाणी आणि खालचं थंड पाणी यांच्या सीमेवर आवाज वाकतो आणि खालची पाणबुडी त्याच्या सावलीत जाते.

याहून वाईट पेच पुढे आहे. नौका वेगात गेली की तिचा स्वतःचा पंखा आणि सांगाड्यावरून घासणारं पाणी इतका गोंगाट करतात की तिचा सोनार बहिरा होतो. ऐकायचं असेल तर हळू चालायला हवं. आणि हळू चालणारी नौका टॉर्पेडोला सोपी. त्याच फेरीत खुकरीवर सोनारचा पल्ला वाढवण्याचा एक प्रयोगही चालू होता. नौदलातल्याच एका तरुण अधिकाऱ्याने तयार केलेलं जोडयंत्र बसवलं होतं, आणि ते वापरायला वेग कमी ठेवावा लागत होता. या प्रयोगावर नंतर बरीच टीका झाली. ती मला पुरती पटत नाही. हातातला टॉर्च मिणमिणता आहे हे ज्याला कळलं, त्याने तो प्रखर करायची धडपड केली. पण ती धडपड बंदरात किंवा सरावात करायची असते. समोर खरी, टॉर्पेडो भरलेली पाणबुडी असताना ती करायला लागावी, ही त्या अधिकाऱ्याची चूक नव्हे. ती गरज आधीच्या दहा वर्षांत भागली नव्हती.

नऊ तारीख

९ डिसेंबरच्या पहाटे हंगोरला दोन युद्धनौकांचा माग लागला. तस्नीम यांनी गाठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. वेगात त्या वरचढ होत्या. मग त्यांनी पाठलाग सोडला आणि निरीक्षण धरलं. नौका एका चौकटीत शोध घेत होत्या: एक बाजू, वळण, दुसरी बाजू, वळण. शोधाची ती शिस्तशीर रीत आहे, काही भाग सुटू नये म्हणून. पण रोज ठरल्या वेळी काठी आपटत जाणाऱ्या गुरख्याची फेरी सोसायटीतल्या माणसांइतकीच चोरालाही पाठ होते. पुढची बाजू कुठून जाणार हे ओळखून हंगोर संध्याकाळी त्या वाटेवर जाऊन थांबली. हळू, खोल, आवाज न करता. आता तिला वेगाची गरजच उरली नव्हती.

रात्री पावणेनऊच्या सुमारास, दीवच्या दक्षिणेला साधारण ४० सागरी मैलांवर, तिने पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडला. तो किरपाणच्या खालून गेला आणि फुटला नाही. दुसरा खुकरीवर. तो दारूगोळ्याच्या कोठाराखाली फुटला.

नौका काही मिनिटांत गेली. मुल्लांनी नौका सोडण्याचा हुकूम दिला, माणसांना पाण्यात ढकललं, स्वतःचं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं आणि ते ब्रिजवर, म्हणजे नौका चालवण्याच्या जागी, परत गेले. वाचलेल्यांनी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथेच, खुर्चीत बसलेलं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ६७ जण वाचले. स्वतंत्र भारताने लढाईत गमावलेली ही एकमेव युद्धनौका, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने बुडवलेली जगातली पहिली. त्यानंतरची जनरल बेलग्रानो, १९८२ सालची, फॉकलंडच्या युद्धातली.

तिसरा टॉर्पेडो पुन्हा किरपाणच्या मागे लागला. किरपाणने तो चुकवला आणि ती तिथून दूर गेली. दुसऱ्या दिवशी कच्छल ही नौका बरोबर घेऊन ती परतली आणि पाण्यात रात्र काढलेल्या माणसांना त्यांनी वर घेतलं.

किरपाण थांबली का नाही, असं आमच्या बैठकीत दोघांनी संतापून विचारलं. संताप खरा होता. कोणाचा तरी मुलगा त्या तेलकट पाण्यात हातपाय मारत होता. पण २२ सप्टेंबर १९१४ ला उत्तर समुद्रात ब्रिटिशांची अबुकिर ही क्रूझर एका जर्मन पाणबुडीने बुडवली, तेव्हा तिच्या माणसांना वाचवायला होग थांबली. तीही बुडाली. मग क्रेसी थांबली आणि तीही. तास-दीड तासात एकाच पाणबुडीने तीन जहाजं आणि चौदाशेवर माणसं घेतली. तेव्हापासून पाणबुडी जवळ असताना न थांबणं हा नौदलांचा कठोर धडा आहे. किरपाणच्या कप्तानाने त्या रात्री आपल्या पाठीशी काय सोडलं हे त्याला कळत होतं, आणि त्याच्या डेकवरचीही माणसं होतीच. त्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

पुढचे चार दिवस आपल्या नौका, विमानं आणि सी किंग हेलिकॉप्टर यांनी हंगोरचा शोध घेतला. ती निसटली आणि कराचीला पोचली. आज ती तिथल्या सागरी संग्रहालयात उभी आहे.

माडीवरची चर्चा

आमच्यात एक गृहस्थ आहेत, नौदलातून निवृत्त, बरीच वर्षं सोनार खोलीत काढलेले. एरवी ते फार बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी चहाचा कप बशीवर ठेवला आणि नखाने हलकेच टिचकी मारली. "हा सोडलेला आवाज," म्हणाले. मग खूप वेळ काही नाही. मग अगदी हलकी, ऐकू येते न येते अशी दुसरी टिचकी. "आणि हा परत आलेला. याच्यातच मासळीचा थवा असतो, खडक असतो, बुडालेलं जहाज असतं आणि पाणबुडी असते. हेडफोन लावून अर्धा तास झाला की कान थकतो. थकलेल्या कानाला सगळंच पाणबुडी वाटतं, नाहीतर काहीच वाटत नाही." त्यांनी ती टिचकी तीन-चारदा मारून दाखवली. शेवटची आमच्यापैकी निम्म्यांना ऐकूच आली नाही.

मी माझं मत मांडलं. निर्णयाची जागा खुकरीचा ब्रिज नव्हती. मुल्ला तिथे पोचले तेव्हा त्यांच्या हाती उरला होता फक्त वेग आणि वळणं. खरा निर्णय किनाऱ्यावर झाला: दोन जुन्या फ्रिगेट, ज्यांचा टॉर्च मिणमिणता, नव्या फ्रेंच पाणबुडीवर एकट्या पाठवायच्या. सी किंग हेलिकॉप्टरं त्याच वर्षी नौदलात दाखल झाली होती. हेलिकॉप्टर वरून सोनार पाण्यात सोडतं, ऐकतं, उचलतं आणि दुसरीकडे जातं. पाणबुडीला त्याच्यावर टॉर्पेडो मारता येत नाही. ती शोधमोहिमेत आली, पण खुकरी बुडाल्यावर. मुल्लांच्या बलिदानाची गोष्ट आपण सांगतो आणि सांगतच राहिली पाहिजे. मला खुपतं ते एवढंच की ती सांगताना आपला गळा दाटून येतो आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. १९४ माणसांचं आपल्यावर जे देणं आहे त्यात तो प्रश्नही येतो.

निवृत्त गृहस्थांनी मान हलवली, पण होकाराची नाही. "युद्धात जे हातात असेल ते पाठवावं लागतं," ते म्हणाले. "पाठवलं नसतं आणि तीच पाणबुडी मुंबईच्या तोंडाशी गेली असती तर?" या मुद्द्याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही, आणि बैठकीत तो तसाच राहिला.

नौदलाने मात्र उत्तर शोधायला उशीर केला नाही. त्या सुमारास दिल्लीच्या आयआयटीत आरोग्यस्वामी पॉलराज नावाचे नौदलाचे एक तरुण अधिकारी संशोधन करत होते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून बाहेर पडलेले, लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी विद्यालयात शिकलेले. खुकरीनंतर नौदलाचा १७० बी नावाचा सोनार सुधारण्याचं काम त्यांच्याकडे आलं. गोंगाटातून खरा प्रतिध्वनी वेगळा कसा काढायचा, हाच तो प्रश्न. ते जमलं. पुढे कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली अप्सोह हा संपूर्ण भारतीय सोनार तयार झाला. नंतर अमेरिकेत स्टॅनफर्डला असताना त्यांनी अनेक अँटेनांनी एकाच वेळी संदेश पाठवण्याची आणि ऐकण्याची जी पद्धत शोधली, ती आजच्या वायफायमध्ये आणि मोबाइलमध्ये आहे. २०१४ साली त्यांना मार्कोनी पारितोषिक मिळालं.

हे ऐकल्यावर ती मुलगी खिशातल्या फोनकडे बघत राहिली. नंतर तिने एक हट्ट धरला. त्या रात्री आम्ही कॉलेजच्या मोकळ्या मैदानावर गेलो, लांबचे दिवे सोडले तर बऱ्यापैकी अंधार होता. तिने टॉर्च घेतला आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही लांब जाऊन उभे राहा, मी शोधते." मी काळा स्वेटर घालून झाडाच्या बुंध्याशी उभा राहिलो. ती मैदानात आडवी-उभी चालत होती, ओळीने, एकही जागा न सोडता. मला ती पहिल्यापासून दिसत होती. मी तिची वळणं मोजत होतो. पाचव्या वळणानंतर मी चार पावलं चाललो आणि तिच्या पुढच्या वाटेवर जाऊन थांबलो. ती माझ्यापासून वीस पावलांवर आली तरी उजेड माझ्या पायांपर्यंत पोचला नव्हता. मी हाक मारली तेव्हा ती दचकली आणि टॉर्च खाली करून म्हणाली, "परत एकदा. या वेळी मी ओळीने नाही चालणार."